पिवळा पळस दुर्मीळ आहे, पण तो संकटग्रस्त ठरतो का?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या महिन्यात एक मागणी वाचली. विदर्भात तुरळक आढळणारा पिवळ्या फुलांचा पळस शासनाने संकटग्रस्त वनस्पती म्हणून जाहीर करावा आणि त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत जागा द्यावी, अशी ती मागणी होती. त्या पत्रामागची कळकळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. माझ्या स्वतःच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असा एक पळस उभा आहे आणि माझ्या वडिलांच्या काळापासून आम्ही त्याला कुऱ्हाड लावलेली नाही. तरीही मी त्या मागणीशी सहमत होऊ शकत नाही. झाड वाचवावे की नाही याबद्दल आमच्यात मतभेद नाही, ते कोणत्या कायद्याने आणि कोणत्या पुराव्यावर वाचवावे याबद्दल आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ज्यांनी हे झाड पाहिले नसेल त्यांच्यासाठी आधी झाडाविषयी. आमच्याकडे माघ सरता सरता पळसाची पाने गळतात आणि वाकड्यातिकड्या काळपट फांद्यांवर कळ्यांचे घोस धरू लागतात. कळीचे बाहेरचे आवरण गडद तपकिरी, जवळजवळ काळे आणि हाताला मखमलीसारखे लागते. इथपर्यंत केशरी आणि पिवळा पळस यांत मला कधीही फरक करता आलेला नाही. कळी उमलली की मात्र केशरी पळसाच्या रांगेत एखादेच झाड हळदीच्या रंगाचे होऊन उभे राहते. पाकळ्यांचा आकार, पोपटाच्या चोचीसारखा तिचा बाक, मधासाठी येणाऱ्या मैना, बुलबुल आणि खारी, सारे तेच. पंधरा-वीस दिवसांत फुले झडतात आणि खाली पडून सुकली, की त्यांचा रंग असा उतरतो की कोणत्या झाडाखालची कोणती, हे सांगता येऊ नये. मग चैत्रात पालवी येते. पळसाला पाने तीनच ही म्हण पिवळ्यालाही तितकीच लागू आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने मोठी अडचण त्या तीन पानांतच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

वनस्पतिशास्त्रात पळसाला ब्युटिया मोनोस्पर्मा म्हणतात. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, कारण त्याच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते, जिला आपण पळसपापडी म्हणतो. पिवळ्या फुलांच्या झाडांना या जातीचाच ‘ल्युटिया’ नावाचा प्रकार मानण्याची पद्धत आहे. जात आणि प्रकार यांतला हा भेद कागदी वाटेल, पण सगळा वाद त्यावरच उभा आहे. पळस ही जात आपल्याकडे संकटात नाही. काळ्या, चिबडणाऱ्या, खारपड जमिनीत तो तग धरतो, ढोरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, तोडला तर बुंध्यापासून आणि मुळांपासून पुन्हा फुटतो. पळसगाव आणि परसोडी ही नावे विदर्भात किती ठिकाणी सापडतात ते नकाशा उघडून कोणीही पाहावे. बैलांच्या खांदशेकणीला तूप-हळद लावायला आम्हाला पळसाचेच पान लागते आणि ते शोधायला अजून कोणाला गावाबाहेर जावे लागलेले नाही.

मग पिवळा पळस दुर्मीळ नाही का? आहे. आमच्या शिवारात असे झाड एकच आहे, शेजारच्या दोन शिवारांत मिळून मला आणखी एकच माहीत आहे. परंतु दुर्मीळ हा शब्द आज किती आहेत एवढेच सांगतो. संकटग्रस्त म्हणायचे तर काल किती होते, आज किती राहिले, कशामुळे घटले आणि असेच चालले तर उद्या काय होईल, हे सांगावे लागते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची जी लाल यादी जगभर प्रमाण मानली जाते, तिचे निकष मुख्यत्वे हेच प्रश्न विचारतात. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ३० टक्क्यांनी घटली आणि घट थांबलेली नसेल तर जात असुरक्षित, ५० टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त आणि ८० टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त. पिवळ्या पळसाबाबत अशी घट दाखवणारी कोणतीही मोजणी मागणी करणाऱ्या पत्रात नव्हती. होता तो फक्त एक सुंदर फोटो आणि ‘लाखात एक’ हा शब्दप्रयोग.

येथे माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मांडणे न्यायाचे होईल. लाल यादीच्या निकषांत एक असाही आहे, की घट सिद्ध झाली नाही तरी प्रजननक्षम झाडांची एकूण संख्या २५० पेक्षा कमी असेल तर ती संकटग्रस्त आणि ५० पेक्षा कमी असेल तर अतिसंकटग्रस्त धरता येते. शिवाय वनस्पतींच्या बाबतीत जातीखालच्या प्रकाराचेही स्वतंत्र मूल्यमापन करण्याची मुभा या यादीत आहे. त्यामुळे उद्या कोणी देशभरातील पिवळे पळस मोजून दाखवले आणि आकडा खरोखरच तेवढा लहान निघाला, तर त्या मागणीला आधार मिळेल. मी तो नाकारणार नाही. पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल: पिवळा पळस हा स्वतःची वंशावळ राखणारा गट आहे, की केशरी पळसांच्याच वस्तीत मधूनच उमटणारा रंगभेद आहे? आमच्या धुऱ्यावरच्या झाडाला मध प्यायला येणारी मैना त्याच्याआधी पाच केशरी झाडांवर बसून आलेली असते आणि परागकणही तिथूनच आणते. या झाडाची पापडी रुजवली तर येणारा पळस पिवळाच फुलेल, अशी खात्री मी तरी देणार नाही. फुलायलाच त्याला इतकी वर्षे लागतात की लावणाऱ्याला धीर धरावा लागतो. असे असेल तर पिवळ्या झाडांची वेगळी ‘लोकसंख्या’ धरणे म्हणजे गावातल्या घाऱ्या डोळ्यांच्या माणसांची वेगळी जनगणना करण्यासारखे आहे. हा प्रश्न प्रयोगशाळेत आणि रोपवाटिकेत सुटण्यासारखा आहे. तो सुटेपर्यंत संकटग्रस्त हा शिक्का मारणे घाईचे होईल.

आता कायद्याकडे वळू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण त्यात वनस्पतींसाठीचे स्वतंत्र प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीने आले आणि तेव्हा त्यात फक्त सहा नोंदी होत्या. हिमालयातील कुठ, आंध्रातील बेडोमचा सायकस, खासी टेकड्यांतील घटपर्णी, निळा वांडा, तांबडा वांडा आणि स्लिपर ऑर्किडे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आल्या, यादी वाढली आणि दक्षिणेतील बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजीही तीत समाविष्ट झाली. नीलकुरिंजी शोभेसाठी यादीत येते तर पिवळा पळस का नको, असे कोणी विचारील. तर नीलकुरिंजी ही स्वतंत्र जात आहे, तिचे घर मुख्यत्वे पश्चिम घाटाच्या उंचावरील गवताळ उतारांवर आहे आणि ती फुलली की पाहायला लोंढेच्या लोंढे जातात, त्यामुळे तिचे उदाहरण पिवळ्या पळसाला तसेच्या तसे लागू होत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब या कायद्याच्या कलम १७-अ ची आहे. अनुसूचित वनस्पती तोडणे, उपटणे, गोळा करणे यांवरची बंदी वनजमिनीला आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्राला लागू होते. मला माहीत असलेले दोन्ही पिवळे पळस मात्र जंगलात नाहीत. एक धुऱ्यावर आहे आणि दुसरा पांदण रस्त्याच्या कडेला. म्हणजे ज्या झाडासाठी कायदा मागायचा, तेच तोडण्यावर त्या कायद्याची बंदी आपोआप लागणार नाही. मात्र अनुसूचित वनस्पती किंवा तिचा भाग जवळ बाळगणे, विकणे, त्याची ने-आण करणे यांवर जी बंदी आहे, तिला वनजमिनीची अट नाही. इथेच ती तीन पाने आडवी येतात. फुलांचे पंधरा-वीस दिवस सोडले तर वर्षभर पिवळा आणि केशरी पळस ओळखता येत नाही. पत्रावळीसाठी पाने तोडून आणणारी बाई, सरपणाची मोळी घेऊन निघालेला माणूस, डिंक किंवा पळसपापडी विकायला बाजारात बसलेला म्हातारा, यांच्याजवळचा माल कोणत्या रंगाच्या झाडाचा आहे हे वनरक्षकाने कशावरून ठरवावे? त्याने ठरवले नाही तर कायदा कागदावर राहील, आणि ठरवायला निघाला तर प्रत्येक पळस संशयित होईल. अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना त्यांच्या जिल्ह्यात स्वतःच्या वापरापुरती सूट कायद्यात आहे हे खरे, पण पत्रावळी विकून चार पैसे मिळवणे स्वतःच्या वापरात बसत नाही, आणि पत्रावळी करणारे सगळेच त्या जमातींतले नसतात.

शेतकऱ्याचाही विचार करावा लागेल. धुऱ्यावरचा पळस सावलीने दोन तास खातो, असे आमच्याकडे म्हणतात. तास म्हणजे पेरणीची ओळ. तेवढी तूर किंवा सोयाबीन कमी येते, तरी लोक तो पळस ठेवतात. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमात साग, मोह, बिजा, हळदू, तिवस, ऐन, खैर अशी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत पळस नाही. यादीतले झाड वावरात आपोआप उगवले तर ते करंगळीएवढे असतानाच उपटणारे शेतकरी मी पाहिले आहेत, कारण पुढची कागदपत्रे त्यांना नको असतात. पिवळा पळस यादीत गेल्याची बातमी गावात पोहोचली, तर पहिल्याच उन्हाळ्यात काही झाडे गुपचूप नाहीशी होतील, अशी मला धास्ती वाटते.

झाडाला धोका नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. धोका कुठून आहे ते मी पाहिले आहे. मागच्या फाल्गुनात कोणीतरी आमच्या झाडाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्याखाली गावाचे नाव आणि रस्त्याची खूण टाकली, आणि आठ दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यांच्या गाड्या पांदणीत येऊ लागल्या. आधी फुले गेली. मग एका सकाळी पाहिले तर बुंध्याची साल पूर्वेच्या बाजूने हातभर लांब, पटाशीने काढावी तशी सरळ काढून नेली होती. खाली खणून करंगळीएवढी दोन मुळे तोडली होती आणि त्या खड्ड्यात लिंबू, कुंकू आणि एक रुपयाची दोन नाणी होती. जखमेतून लाल डिंक ओघळून सुकला होता. पांढऱ्या पळसाविषयीच्या गुप्तधनाच्या कल्पना जुन्याच आहेत, आता त्या पिवळ्याला चिकटल्या आहेत. ज्यांना ‘दुर्मीळ’ म्हणजे ‘सिद्ध’ असे वाटते, त्यांना ‘संकटग्रस्त, शासनमान्य’ हे शब्द ऐकून काय वाटेल, याचा विचार मागणी करणाऱ्यांनी करावा. दैवी शक्तीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या भोंदूंसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. झाडाची साल सोलून विकणाऱ्याला तो लावता येतो का, हे एकदा पोलीस ठाण्यात जाऊन पाहायला हवे होते. मी गेलो नाही, ही माझी चूक.

दुसरीकडे, संकटग्रस्ततेचा प्रश्न ज्या झाडांबाबत खरोखर विचारायला हवा, त्यांच्यासाठी कोणी पत्रे लिहीत नाही. मेळघाटाच्या खडकाळ उतारांवर पांढऱ्या गुळगुळीत सालीची कढई उभी असते, जिला कुलूही म्हणतात. तिच्या डिंकाला बाजारात मोठी मागणी आहे. डिंकासाठी खोडावर कुऱ्हाडीने खोल घाव घालत गेले, की झाड वाळते. बेताने, उथळ खाच घेऊन डिंक काढला तर तेच झाड टिकते, पण घाईच्या व्यापाऱ्याला तेवढा धीर नसतो. मैदालकडीचीही तीच गत. तिची साल दळून अगरबत्तीच्या लगद्यात चिकटपणासाठी वापरतात आणि साल सगळ्या बाजूंनी काढली की झाड मेलेच. या दोन्ही स्वतंत्र जाती आहेत, दोघींचा व्यापार आहे, आणि तोडीची पद्धतच त्यांच्या मुळावर उठली आहे. म्हणजे घट होते आहे का, किती आणि का, हे प्रश्न त्यांच्याबाबत मोजून सोडवता येतात. त्यांना केशरी-पिवळा रंग नाही, फोटो चांगला येत नाही, एवढाच त्यांचा दोष.

अशा जातींसाठी जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३८ ची वाट मला अधिक योग्य वाटते. नामशेष होण्याच्या मार्गावरच्या किंवा नजीकच्या काळात तशी होऊ शकणाऱ्या जाती त्यात केंद्र सरकारला राज्याशी विचारविनिमय करून अधिसूचित करता येतात. अशा जातीची गोळा-गोळी बंद करता येते, तशी ती नियंत्रितही करता येते. कढईच्या बाबतीत सरसकट बंदीपेक्षा किती खोल खाच, कोणत्या महिन्यात, किती जाडीच्या झाडाला, हे ठरवणारे नियंत्रण कोरकू डिंकवेच्यालाही परवडेल आणि झाडालाही. आपल्या राज्याचे जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, तेव्हा विदर्भाच्या जातींपासून सुरुवात करायला अंतराची सबब नाही.

आणि पिवळ्या पळसासाठी? त्याला जात म्हणून नको, झाड म्हणून संरक्षण द्यावे. याच २००२ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. अनेक गावांत ही नोंदवही आली ती दुसऱ्या गावाच्या नोंदवहीची नक्कल होऊन. आमच्या नोंदवहीत पळसासमोर ‘भरपूर’ एवढाच शब्द आहे. तिथे पिवळ्या झाडांची मालकाच्या संमतीने नोंद व्हावी आणि ग्रामसभेने ठरावाने ते झाड राखावे. शहरांत ५० वर्षांवरील झाडांना राज्याच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने वारसावृक्षाचा दर्जा मिळतो, पण तो कायदा नागरी भागापुरता आहे, आणि खेड्यांतल्या झाडांसाठी तसे काही करायला हवे ही मागणी मात्र मी जोराने करीन. झाडे आणि जागा राखण्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. आलापल्लीच्या जुन्या वनाचा एक तुकडा २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला, तो कोणत्याही एका जातीच्या नावाने नव्हे.

मोजणी मात्र हवीच, आणि ती फाल्गुनातच हवी. शासकीय सर्वेक्षण मार्चअखेरच्या धांदलीत किंवा पावसाळ्यात झाले, तर एकही पिवळा पळस सापडणार नाही आणि तोच आकडा पुढे ‘नामशेष’ म्हणून छापला जाईल. शाळांतील मुले पंधरा दिवसांत आपापले शिवार पाहून येऊ शकतात. शिक्षक म्हणून मी चाळीस वर्षांपैकी बरीच वर्षे मुलांना असे काही ना काही मोजायला लावले आहे आणि त्यांचे आकडे सहसा प्रौढांच्या आकड्यांपेक्षा प्रामाणिक असतात.

साल काढलेल्या बाजूला या पावसाळ्यात मी गेरू आणि शेण लिंपले आहे. तोडलेल्या मुळाच्या टोकाला श्रावणात दोन फुटवे आले. त्यांतला एक मातीसकट काढून मी घराच्या परसात लावला आहे. तो मुळापासून आलेला असल्याने पिवळाच फुलावा, अशी आशा आहे.

शेवटी एक विनंती खास आपल्याला. पिवळ्या किंवा पांढऱ्या पळसाची बातमी आली तर ती जरूर छापा, फोटोही छापा, परंतु गावाचे नाव, गट क्रमांक आणि रस्त्याची खूण छापू नका. याच कारणाने या पत्राखाली मी तालुका लिहिला आहे, गाव मुद्दाम लिहिलेले नाही.

आपला,

एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ